अंगावरून वारं जातं, तेव्हा मेंदूत काय होतं?

'त्यांच्या अंगावरून वारं गेलं,' असं आपल्याकडे आजही सर्रास म्हटलं जातं. कुणी म्हणतं लकवा मारला, कुणी म्हणतं अर्धांगवायू झाला. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हा पक्षाघात, आणि त्याची गणना वातविकारांत होते. इंग्रजीतल्या 'स्ट्रोक' या शब्दाचा अर्थही नुसता तडाखा. ही सगळी नावं बाहेरून जे दिसतं त्याची आहेत. चालताबोलता माणूस अचानक कोसळतो, तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. पण यातल्या एकाही नावात मेंदू नाही, आणि आजार तर मेंदूचाच आहे. लुळ्या पडलेल्या हाताचे स्नायू शाबूत असतात, हाडं-सांधे धड असतात. त्या हाताला 'हल' म्हणून सांगणारा मेंदूतला भाग तेवढा बंद पडलेला असतो.

हा फक्त नावाचा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी. पण आजार हाताचा आहे असं वाटलं की उपायही हाताचेच होतात. तेल चोळलं जातं, शेक दिला जातो, 'जरा पडू दे, सकाळपर्यंत बघू' असं ठरतं. हातपाय चालत असतील आणि नुसतं बोलणं अडखळलं असेल, तर तो पक्षाघात असू शकतो हे लक्षातच येत नाही. आणि रुग्ण वाचून घरी आल्यावर मालिशवाला शोधला जातो. मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं, हे मागेच राहतं. वयाच्या पंचविशीनंतर जगातल्या दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी पक्षाघात होण्याचा धोका असतो, असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला जागतिक अंदाज आहे. म्हणजे हे आपल्या घरात कधीच घडणार नाही, असं कुणालाच म्हणता येत नाही.

खर्च मोठा, साठा नाही

माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या मानाने ते जेमतेम २ टक्के भरतं. पण शरीर जेवढा प्राणवायू वापरतं त्यातला सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. एवढा खर्च असून मेंदूजवळ साठा जवळजवळ नसतो. हाडाच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर हाताला किंवा पायाला पट्टा आवळून त्याचा रक्तपुरवठा तासभर थांबवतात आणि नंतर तो अवयव पूर्ववत काम करतो. मेंदूचं तसं नाही. त्याचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या चार मोठ्या रक्तवाहिन्या मानेतून वर चढतात. दोन पुढून, दोन मागून. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या वैद्याने १६६४ मध्ये आपल्या ग्रंथात या कड्याचं वर्णन केलं आणि ते आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. एखादी वाहिनी हळूहळू बंद होत गेली तर या कड्यातून दुसऱ्या बाजूचं रक्त येऊ शकतं. पण कड्याच्या पुढे ज्या फांद्या फुटतात, त्यांना फारसा पर्याय नसतो. गावाच्या टाकीला दोन पाइपलाइन असल्या तरी शेवटच्या गल्लीत नळ एकच असतो, तशी ही अवस्था असते.

या फांद्यांमधली सगळ्यात मोठी फांदी मेंदूच्या बाहेरच्या बाजूवर पसरते. चेहरा, हात आणि बहुतेकांमध्ये डाव्या बाजूला असलेलं बोलण्याचं केंद्र, हे तिच्या हद्दीत येतं. म्हणून पक्षाघातात तोंड, हात आणि बोलणं एकदम बिघडलेलं वारंवार दिसतं. मेंदूतून हातापायांकडे जाणारे बहुतेक तंतू मेंदूच्या देठाशी बाजू बदलतात. त्यामुळे मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि उजव्या भागाला झाली की डावी.

इजा दोन प्रकारांनी होते. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी अडकून वाहिनी तुंबते. उरलेल्यांमध्ये वाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत किंवा मेंदूभोवती साचतं. स्वित्झर्लंडमधल्या योहान याकोब वेप्फर या वैद्याने झटक्याने दगावलेल्यांची शवविच्छेदनं करून १६५८ मध्ये दाखवून दिलं, की अशा माणसांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. पण मृत्यूनंतर कळून उपयोग काय? जिवंत माणसाच्या कवटीत रक्त तुंबलं आहे की सांडलं आहे, हे सरळ बघण्याची सोय व्हायला आणखी तीनशे वर्षं लागली. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमधल्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांनी बनवलेल्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. या शोधासाठी १९७९ चं नोबेल पारितोषिक त्यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासह विभागून मिळालं.

सीटी स्कॅनचं महत्त्व इथेच आहे. तुंबलेल्या वाहिनीवर गुठळी विरघळवणारं औषध लागतं. फुटलेल्या वाहिनीत तेच औषध जीव घेऊ शकतं. आणि बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. तेच वाकडं तोंड, तोच लुळा हात.

ग्रहणातली उपछाया

रक्त अडलं की त्या भागाच्या मधल्या पेशी लवकर मरतात. त्या परत येत नाहीत. पण त्यांच्याभोवती एक मोठा पट्टा असतो. तिथे शेजारच्या वाहिन्यांतून थोडंफार रक्त झिरपत असतं. या पेशी काम करायचं थांबवतात, पण मेलेल्या नसतात. शास्त्रज्ञांनी या पट्ट्याला ग्रहणावरून नाव दिलं. ग्रहणात मधल्या गडद छायेभोवती जशी फिकट उपछाया असते, तशी ही मेंदूतली उपछाया. रुग्णाच्या लुळ्या हाताकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवं, की जे बंद पडलं आहे त्यातलं बरंचसं अजून वाचवता येण्यासारखं असतं. मात्र रक्त लवकर पोहोचलं नाही, तर गडद छाया पसरत पसरत उपछायेला गिळून टाकते.

हे किती वेगाने होतं याचा हिशेब अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. मोठी वाहिनी तुंबलेल्या सरासरी रुग्णात उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात. एक तास गेला की मेंदू जवळपास साडेतीन वर्षांनी म्हातारा होतो. नातेवाइकांना फोन करण्यात, गाडीची वाट पाहण्यात आणि ज्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही तिथे आधी जाण्यात दोन तास सहज निघून जातात.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा पहिला ठोस पुरावा १९९५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या चाचणीतून आला. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत अल्टेप्लेज हे औषध दिलेल्या रुग्णांमध्ये तीन महिन्यांनी जवळजवळ व्यंगमुक्त असण्याची शक्यता, औषध न मिळालेल्यांपेक्षा किमान ३० टक्क्यांनी जास्त आढळली. औषध निर्धोक नव्हतं. ते मिळालेल्या शंभरातल्या सुमारे सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. तरीही एकूण मृत्यू वाढले नाहीत. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. आता टेनेक्टेप्लेज हे त्याच जातीचं, एकाच टोच्यात देता येणारं औषधही वापरलं जातं.

मोठी गुठळी औषधाने नेहमी विरघळत नाही. तिच्यासाठी जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये एकापाठोपाठ प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी या उपचाराची उपयुक्तता सिद्ध केली. २०१८ मधल्या चाचण्यांनी दाखवलं, की स्कॅनमध्ये उपछाया शिल्लक दिसत असेल तर निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंतही तिचा फायदा होतो. याचा अर्थ निवांत राहावं असा नाही. हे निवडक रुग्ण असतात, आणि त्यांच्यातही जो लवकर पोहोचतो त्याचं जास्त वाचतं.

म्हणून रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'काय झालं?' एवढाच नसतो. 'शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?' हा त्याहून मोठा प्रश्न असतो. रात्री दहाला बोलून झोपलेला माणूस पहाटे पाचला लुळा आढळला, तर घड्याळ रात्री दहापासून धरलं जातं. त्यामुळे शेवटचं नीट पाहिलेली वेळ कुणीतरी लक्षात ठेवणं, शक्य असेल तर कागदावर लिहून घेणं, ही मोठी मदत ठरते.

हातपाय चालतात, तरी पक्षाघात

मेंदूतल्या प्रत्येक गल्लीचं काम वेगळं असल्यामुळे कुठला नळ बंद झाला त्यावर काय बिघडणार ते ठरतं. मागच्या भागाचा पुरवठा तुटला तर डोळे निरोगी असूनही अर्धं दृश्य दिसेनासं होतं. लहान मेंदूचा तुटला तर हातापायांत ताकद असते, पण माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, गरगरतं, उलट्या होतात. अशा रुग्णाला पित्त झालं म्हणून घरीच ठेवलं जाण्याची शक्यता असते. एकाएकी तोल जाणं, अचानक एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी उठणं, ही सगळी पक्षाघाताची लक्षणं असू शकतात.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो बोलण्याबाबत. पॅरिसमधले शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे १८६१ मध्ये एक रुग्ण आला. अनेक वर्षं त्याच्या तोंडून 'टॅन' एवढा एकच शब्द निघत होता. त्याला बोललेलं बरंचसं कळत असे. तो वारल्यावर ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. १८७४ मध्ये जर्मनीतल्या कार्ल वेर्निके यांनी वेगळ्या प्रकारचे रुग्ण नोंदवले. ते घडाघडा बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना समजत नसे. त्यांच्या मेंदूतली इजा डाव्या बाजूलाच, पण मागच्या भागात होती. भाषा हरपण्याच्या या विकाराला मराठीत वाचाघात म्हणतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुसंख्य माणसांची भाषा डाव्या मेंदूत असल्याने, उजवा हात लुळा पडलेल्यांमध्ये तो जास्त आढळतो.

वाचाघात झालेला माणूस 'पाणी' म्हणायला जातो आणि 'खिडकी' म्हणतो. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. प्रत्यक्षात त्याला तहान लागलेली असते, पाणी म्हणजे काय हे माहीत असतं. शब्द तेवढा हाती लागत नाही. बुद्धी गेली आणि शब्द गेले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंमत म्हणजे अशा काही रुग्णांना साधं वाक्य जुळवता येत नाही, पण पाठ असलेली आरती सुरात म्हणता येते, एक ते दहा आकडे मोजता येतात. सुरांचं आणि घोकलेल्या मजकुराचं काम मेंदूचे इतर भागही सांभाळतात. सुरांच्या आधाराने बोलणं परत आणण्याची एक उपचारपद्धती १९७० च्या दशकापासून वापरात आहे.

उजव्या मेंदूची इजा आणखी चकवते. एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदियो लुत्साती या इटालियन संशोधकांनी १९७८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उजव्या मेंदूला इजा झालेल्या मिलान शहरातल्या दोन रुग्णांना त्यांनी शहरातल्या प्रसिद्ध कॅथेड्रलसमोरचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. आधी कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना करायची आणि काय काय दिसतं ते सांगायचं. दोघांनी उजव्या बाजूच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या जवळजवळ गाळल्या. मग त्यांना कल्पनेतच चौक ओलांडून कॅथेड्रलच्या दारात उभं केलं आणि उलट दिशेला तोंड करायला सांगितलं. आता त्यांनी मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या, कारण त्या उजवीकडे आल्या होत्या. आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. म्हणजे आठवण शाबूत होती, डोळे शाबूत होते. जगाची 'डावी बाजू' तेवढी मेंदूतून निसटली होती.

असा रुग्ण ताटातलं उजवीकडचं जेवतो आणि डावीकडचं तसंच ठेवतो. डाव्या गालाची दाढी राहते. डाव्या बाजूने बोलणाऱ्या मुलाकडे तो बघत नाही. काहींना तर आपला डावा हात लुळा पडला आहे हेच मान्य नसतं. घरच्यांना हा हट्ट वाटतो. पण तोही आजाराचाच भाग आहे. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं, आणि काहींना कारण नसताना रडू किंवा हसू आवरत नाही. यात त्यांच्या स्वभावाचा दोष नसतो.

गावठी उपायांना गुण का येतो?

लकव्यावर अमुक गावी औषध मिळतं, कुणी पारव्याचं रक्त चोळतं, बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यावर विश्वास ठेवणारे लोक अडाणी असतात असं नाही. त्यांनी कुणीतरी बरं झालेलं खरोखर पाहिलेलं असतं. त्याची कारणं तीन.

पहिलं, प्रत्येक वाकडं तोंड हा पक्षाघात नसतो. चेहऱ्याच्या नसेला सूज येऊनही अर्धा चेहरा लुळा पडतो. तिला बेल्स पाल्सी म्हणतात आणि तिचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. या आजारात सहसा त्या बाजूची भुवई उचलता येत नाही आणि डोळा मिटत नाही. पक्षाघातात कपाळ बहुधा वाचतं आणि चेहऱ्याचा खालचा भाग ओघळतो. हा फरक घरी ठरवत बसण्याचा नाही, तो डॉक्टरांनीच ठरवावा.

दुसरं, कधी कधी गुठळी आपोआप विरघळते. हात बधिर होतो, बोलणं अडखळतं आणि अर्ध्या तासात सगळं ठीक होतं. त्या अर्ध्या तासात जो उपाय केला असेल त्याला श्रेय मिळतं. प्रत्यक्षात हा मोठ्या झटक्याआधीचा इशारा असतो. त्यानंतर पक्षाघात होण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून 'आता बरं वाटतंय' अशा वेळीही त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं.

तिसरं, पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःच बरंच सावरतो. त्या काळात चालू असलेला कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा दिसतो.

सुई टोचण्याने किंवा चोळण्याने मेंदूतली गुठळी हलत नाही. काही उपाय तर उघड घातक आहेत. झटका आलेल्या माणसाला पाणी, चहा किंवा साखर तोंडाने देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असली तर ते फुप्फुसात उतरतं. हृदयविकारात देतात म्हणून घरी अॅस्पिरिनची गोळी देऊ नये. रक्तस्राव झाला असेल तर ती नुकसान करते. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून घाईने गोळी देऊन तो उतरवू नये. उपछायेतल्या पेशी त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असू शकतात. रुग्णाला कुशीवर झोपवावं, वेळ लक्षात ठेवावी, त्याच्या रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्याव्यात आणि १०८ ला फोन करावा. निघतानाच विचारून घ्यावं, की त्या रुग्णालयात सीटी स्कॅन आणि पक्षाघाताचं इंजेक्शन दोन्हींची सोय चोवीस तास आहे का.

पुन्हा शिकणारा मेंदू

मेलेल्या मेंदूपेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत. तरी माणसं पुन्हा चालू लागतात, बोलू लागतात. ते कसं? अमेरिकी संशोधक रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतल्या हाताच्या भागाला छोटी इजा झालेल्या माकडांना त्यांनी लहानशा खळग्यांतून खाऊ उचलण्याचा सराव दिला. सराव मिळाल्यावर हाताचा उरलेला भाग टिकला. काही माकडांत तर कोपर आणि खांद्याचं काम करणाऱ्या शेजारच्या भागांत हाताचं काम सुरू झालं. सराव न मिळालेल्या माकडांत हाताचा उरलेला भागही आकसत गेल्याचं त्यांना आधी दिसलं होतं. म्हणजे वापर झाला तर शेजारी काम अंगावर घेतात आणि वापर थांबला तर जे शिल्लक असतं तेही जातं.

हेच तत्त्व माणसांवर वापरलं गेलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत २२२ रुग्ण होते. त्यांना पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झाले होते आणि अधू हातात थोडीफार हालचाल शिल्लक होती. त्यांच्यातल्या एका गटाच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा घालून ठेवला आणि अधू हाताकडून रोज कित्येक तास कामं करून घेतली. वर्षभरानंतरही या गटाचा अधू हात इतरांपेक्षा चांगला चालत होता.

आपल्या घरांत याच्या नेमकं उलट घडतं. मायेपोटी सून भरवते, मुलगा बटणं लावून देतो, 'तुम्ही काही करू नका, आराम करा' असं सगळे सांगतात. अधू हाताला काम उरत नाही आणि मेंदूही त्याचा नाद सोडतो. मालिशने बरं वाटतं, सांधे मोकळे राहतात, पण मेंदूला शिकवण्याचं काम त्याने होत नाही. ते होतं रुग्णाने स्वतः, पुन्हा पुन्हा, नेमकं हवं ते काम करण्याने: वाटी धरणं, दार उघडणं, कांदे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकणं. पहिल्या २४ तासांत मात्र घाईने उठवून चालवणं हिताचं नसतं. कधी आणि किती सुरुवात करायची, हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो, पण त्यानंतर दार बंद होत नाही.

स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी पक्षाघात झाला. उजवी बाजू अधू झाली आणि बोलणं बहुतांशी गेलं. त्यांनी डाव्या हाताने पियानो वाजवणं चालू ठेवलं, आणि त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हाही त्यांना सलग बोलता येत नव्हतं. बोलता येत नाही म्हणजे आत काही उरलं नाही, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

न दुखणारा धोका

बहुतेक पक्षाघात टाळता येतात. भारतासह ३२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांची तुलना करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की पक्षाघाताचा जवळजवळ ९० टक्के धोका दहा गोष्टींशी जोडलेला आहे. त्यांत सर्वांत वर आहे उच्च रक्तदाब. जवळपास निम्मा भार एकट्या त्याचा. बाकीच्यांत धूम्रपान, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, व्यायामाचा अभाव, आहार, दारू, मानसिक ताण आणि हृदयाचे विकार येतात.

रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची अडचण आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी खुर्चीत बसले असताना डोकं भयंकर दुखत असल्याचं सांगून कोसळले आणि काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावाने वारले. त्यांच्या डॉक्टरांनी कोसळल्यानंतर नोंदवलेला रक्तदाब होता ३००/१९०. त्याआधी वर्षभरापासून तो धोक्याच्या पातळीवर असल्याची नोंद होती. पण आजच्यासारख्या परिणामकारक गोळ्या तेव्हा नव्हत्या. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. आणि 'आता काही त्रास नाही' म्हणून ती मध्येच बंद केली जाते. त्रास नसणं हा गोळीचा गुण असू शकतो, किंवा नुसता आजाराचा मुका स्वभाव. दोन्ही वेळा डॉक्टरांना न विचारता ती थांबवणं धोक्याचं.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे नाडी. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे ठोके अनियमित पडतात, हृदयात गुठळी धरते आणि तीच मेंदूत जाऊन अडकते. या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी तो बराच कमी करता येतो. हे फक्त म्हातारपणाचं दुखणं नाही. सांधेज्वराने झडप खराब झालेल्या तरुणांमध्ये आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत स्त्रियांमध्येही मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. बाळंतिणीची न थांबणारी डोकेदुखी किंवा तिला आलेली फिट 'बाधा' म्हणून सोडून देऊ नये.

ओळखण्याची परीक्षा अगदी साधी आहे आणि घरातलं शाळकरी पोरही ती घेऊ शकतं. हसायला सांगा: तोंड एका बाजूला जातं का? दोन्ही हात समोर धरायला सांगा: एक हात खाली येतो का? एक पूर्ण वाक्य म्हणायला सांगा: शब्द घसरतात का? यातलं एक जरी बिघडलेलं असलं तरी थांबायचं नाही. आणि कुणी घाबरून येऊन सांगितलं, की अमक्याच्या अंगावरून वारं गेलं, तर त्याला आधी विचारायचं, 'किती वाजता?'